शकुमावशींचा बंद नळ

आमच्या भागात माणूस गेलं की निरोप दोन ठिकाणी जातो. आधी पाहुण्यांकडं आणि मग माझ्याकडं. पुंडलिकनगरच्या रस्त्याला माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, अभिनंदन, दशक्रिया, माणसाचं जे काही व्हायचं ते माझ्या मशीनमधून चकचकीत होऊन बाहेर पडतं. शकुमावशी गेल्या तेव्हा दाभाडे काका स्वतः आले. एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. बोलायला आधीच कंजूष. "फोटो बघ तिचा एखादा," एवढंच म्हणाले आणि स्टुलावर बसून राहिले.

फोटो माझ्याकडं ढीगभर होते. मावशी आमच्या वॉर्डाच्या नगरसेविका, त्यांचा प्रत्येक बोर्ड मीच केलेला. पण श्रद्धांजलीला चालेल असा एकही सापडेना. सगळ्या फोटोंत मावशींचं तोंड उघडं. कुठं हात वर करून ओरडताहेत, कुठं कुणा साहेबाच्या अंगावर वाकून काही सांगताहेत, कुठं सत्कार चाललाय आणि हार घालणाऱ्यालाच झापताहेत. कॉम्प्युटरवर मी म्हाताऱ्याचा तरुण करतो, टकल्याला केस देतो. पण मावशींचं तोंड काही मला मिटवता आलं नाही. मिटवलं की ती बाई दुसरीच कुणी दिसायची. शेवटी काका म्हणाले, "राहू दे उघडंच. शांत बसलेली लोकांना वळखू यायची नाय."

या माझ्या हुन्नराबद्दल दोन शब्द सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. एका पुढाऱ्याचं तोंड बोर्डाच्या बाहेर बघत होतं म्हणून मी त्याचा फोटो उलटा फिरवला, तर त्याचा तीळ या गालावरून त्या गालावर गेला. त्याच्या बायकोनं भर चौकात माझा उद्धार केला. एकदा शेजारी-शेजारी लावायच्या दोन नेत्यांचे फोटो बोर्डावर एकमेकांकडं बघून हसताना आले. ते दोघं तेव्हा कोर्टात भांडत होते. तेव्हा माझ्या हातून बोर्ड जातो म्हणजे काही ना काही घडतंच. पण मावशींच्या बाबतीत घडलं ते वेगळंच.

मावशी मूळच्या कन्नड तालुक्यातल्या. इथं त्यांची पिठाची गिरणी होती. अख्खा वॉर्ड तिथं डबे घेऊन उभा असायचा. गिरणीच्या घरघरीत आयुष्य गेल्यामुळं त्यांना हळू बोलणं माहीतच नव्हतं. समोर बसलेल्या माणसालाही त्या रस्त्यापलीकडं असल्यासारखं बोलायच्या. आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, तेव्हा इथल्या एका पुढाऱ्यानं ठरवलं, की बाई अशी पाहिजे जी सही करील आणि घरी बसेल. गिरणीवाली दाभाडेबाई त्याला बरी वाटली. नवरा मुक्यासारखा, बाईला गिरणीतून सवड नाही. त्या पुढाऱ्याचा माणसं ओळखण्यातला हात माझ्या फोटोशॉपसारखाच असावा.

प्रचाराचा बोर्ड माझ्याकडं आला. मजकूर म्हणून नुसतं नाव आणि चिन्ह. मला ते फार ओकंबोकं वाटलं. आमच्या वसाहतीचं दुखणं सगळ्यांना ठाऊक होतं. नाल्याच्या अलीकडं नळ होते, आठवड्यातून कधीतरी का होईना पाणी यायचं. नाल्यापलीकडं जी मागची गल्ली होती तिथं पाइपच नव्हता. तिथल्या बाया टँकरवर जगायच्या. तर मला यमक सुचलं आणि सुचल्यावर मी थांबणारा माणूस नाही. मावशींच्या फोटोखाली लालभडक अक्षरांत मी टाकून दिलं:

मागच्या गल्लीत आधी पाणी, मगच मावशीच्या अंगणी!

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी दुकानात. केसांवर पीठ, कमरेला खोचलेला पदर.

"ए बोर्डवाल्या, हे कोण बोललं?"

"तुम्हीच मावशी. म्हणजे बोर्डावर."

"मी कवा बोलले?"

"निवडणुकीत लिहितात हो असं. कोण ध्यानात ठेवतं?"

"मागच्या गल्लीतल्या बाया ठेवतेत. त्यायला दुसरं काय हाय ठेवायला?"

माझा चेहरा पडला. म्हटलं, "काढून टाकतो. दुसरा लावतो, फुकट."

मावशींनी बाहेर जाऊन बोर्डाकडं पुन्हा एकदा बघितलं. परत आल्या आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. लोकांनी वाचलं. आता ते माझंच झालं."

मला वाटलं, प्रकरण मिटलं. मावशी निवडून आल्या. गुलाल खाली बसायच्या आत त्यांनी प्लंबरला बोलावून आपल्या अंगणातला नळ बंद करून घेतला. नुसता बंद नाही, तोटी काढून तोंडाला झाकण बसवलं. आणि संध्याकाळी नाल्यावरचा लाकडी साकव ओलांडून, मागच्या गल्लीतल्या टँकरच्या रांगेत आपल्या घागरी नेऊन ठेवल्या. घागरी वाहायला अर्थात काका. ते मला रस्त्यात भेटले, दोन्ही हात ओढलेले. म्हणाले, "लग्नात सात पावलं चाललो होतो. हे आठवं तुझ्या दुकानातून निघालं."

काकांच्या तोंडून मी ऐकलेलं ते सगळ्यात लांब वाक्य.

मावशी कशा काम करायच्या हे सांगायला पाहिजे, कारण असं काम करणारी दुसरी नगरसेविका मी बघितली नाही. टँकरच्या रांगेचा आमच्याकडं एक कायदा आहे. माणूस नसलं तरी चालतं, घागर पाहिजे. घागर ठेवली म्हणजे नंबर लागला. बाई घरी जाऊन भाकरी करून येते, पोराला शाळेत सोडून येते, आणि तिच्या घागरीला कुणी हात लावत नाही. दुसऱ्याची घागर सरकवणं म्हणजे त्याच्या ताटातलं उचलण्यासारखं. भांडकुदळातली भांडकुदळ बाईसुद्धा ते करत नाही.

पाणीपुरवठ्याच्या साहेबाच्या दारासमोर तासन् तास ताटकळायची पाळी आली, तेव्हा मावशींनी हाच कायदा तिथं लावला. रिक्षातून घागर नेली, साहेबाच्या दाराशी ठेवली, आणि बाहेरच्या शिपायाला म्हणाल्या, "रशीदभाई, माझा नंबर हाय. दळण खोळंबलंय, मी येते जाऊन." आणि खरंच गिरणीवर परत आल्या. साहेबांना भेटायला ठेकेदार आले, पुढारी आले, सगळे त्या घागरीला वळसा घालून उभे राहिले. रशीदभाईच्या घरीही टँकरचंच पाणी, त्यामुळं तो कुणाला घागर हलवू देईना. दुपारी गिरणीत त्याचा फोन आला, "मौसी, जल्दी आओ, तुमारे घागर का नंबर लग गया." मावशी पीठ झटकत गेल्या.

पुढं पुढं ती घागर सगळ्या ऑफिसात ओळखीची झाली. ती दाराशी दिसली की साहेब मागच्या दारानं जायचे. मग मावशींनी मागच्या दाराशीही एक ठेवली.

महापालिकेच्या सभागृहात काय व्हायचं ते मी गॅलरीतून बघितलंय. एकदा त्यांचा मागच्या गल्लीचा विषय कुणाला नको होता. त्या बोलायला उठल्या तसा कुणीतरी त्यांचा माईक बंद केला. मावशींना पत्ताच नाही. त्या बोलतच राहिल्या आणि सभागृहात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जात राहिलं. व्यासपीठावरून आवाज आला, "ताई, माईक बंद आहे, खाली बसा."

"कोणता माईक?" मावशी म्हणाल्या.

हसू फुटलं. त्या हशातच विषय मंजूर झाला. मी गॅलरीतून टाळ्या वाजवल्या म्हणून मला बाहेर काढलं, पण ते चालायचंच.

मग पाइप आले. काळे, लांबच लांब, नाल्याच्या कडेला कितीतरी महिने पडून राहिले. पुढं खोदकाम झालं, पाइप जमिनीत गेले. मागच्या गल्लीत घरोघरी तोट्या बसल्या. बायांनी तोट्यांना हळदकुंकू लावलं. एकीनं तर तोटीखाली फरशीचा ओटा बांधून घेतला. आता फक्त मेन लाईनला जोड द्यायचा बाकी होता. रस्ता ओलांडून एक जोड. बास.

आणि मावशींची मुदत संपली.

दरवेळी मुदत संपते आणि निवडणूक येते. यावेळी मुदत संपली आणि निवडणूक आलीच नाही. आज होईल, उद्या होईल म्हणता म्हणता वर्षं गेली. सभागृहाला कुलूप, कारभार साहेबलोकांकडं. त्या दिवाळीला शुभेच्छांचा बोर्ड करताना मी रिवाजाप्रमाणं मावशींच्या नावाखाली 'माजी नगरसेविका' टाकलं. बोर्ड वाचून त्या तडक दुकानात आल्या.

"जोड बाकी हाय आन् मी माजी?"

"मुदत संपली ना मावशी."

"मुदत माझी संपली. पाण्याची कुठं सुरू झालीय?"

गाऱ्हाणी घेऊन लोक अजून गिरणीवरच यायचे. गटार तुंबलं, खांबावरचा दिवा गेला, जन्माचा दाखला अडला. मावशी पीठ झटकून निघायच्याच. फक्त आता कुणी फोन उचलत नव्हतं. पूर्वी मागच्या दारानं पळणारे साहेब आता पुढच्या दारानं सावकाश त्यांच्या समोरून जायचे. पळायची गरज उरली नव्हती.

एक दिवस मावशी दुकानात येऊन बसल्या आणि काही बोलल्या नाहीत. पंखा, मशीन, रस्त्यावरचे हॉर्न, सगळं ऐकू यायला लागलं. मी घाबरलो. पाणी पुढं केलं. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "घागर सरकवली रे."

रशीदभाई रिटायर झाला होता. त्याच्या जागी ठेक्यावरचा नवा गार्ड आला. त्यानं मावशींची घागर दारासमोरून उचलली आणि जिन्याखाली नेऊन ठेवली. मावशी गेल्या तेव्हा कुणीतरी तिच्यात माती भरून मनी प्लांट लावला होता.

"त्याला काय बोलू?" मावशी म्हणाल्या. "त्याला ठावकंच नाय, घागर म्हंजी काय ते. बिसलेरी पितं ते पोरगं."

त्यांची ती दशा बघून माझ्या डोक्यात पुन्हा अक्कल वळवळली. म्हटलं, साहेबांना लाजवू. मी स्वतःच्या खर्चानं मागच्या गल्लीच्या तोंडाला भला मोठा बोर्ड लावला: 'मागच्या गल्लीतील पाणीप्रश्न कायमचा सोडवल्याबद्दल अधिकाऱ्यांचे जाहीर आभार!' म्हणजे टोमणा. वाचणाऱ्याला वाटावं, अरे, पाणी तर आलंच नाही, हे कसले आभार! मी दिवसभर खूश होतो. चार जणांना तर थांबवून दाखवला.

चौथ्या-पाचव्या दिवशी ऑफिसातून दोघं आले. बोर्डासमोर उभं राहून मोबाईलवर फोटो काढला आणि निघून गेले. नंतर मावशी जोडाची चौकशी करायला गेल्या, तर टेबलामागच्या बाईनं त्यांना तोच फोटो दाखवला. "ताई, तुमच्या भागाची तक्रार मिटली. हे बघा, नागरिकांनीच आभार मानलेत."

मावशी परत आल्या त्या थेट दुकानात. मी काउंटरखाली काहीतरी शोधायला लागलो.

"वर ये."

वर आलो.

"एक बोर्ड लावला, माझा नळ गेला. दुसरा लावला, गल्लीचा गेला. आता तिसरा लावू नको बाबा."

आणि हसल्या. मोठ्यानं, गिरणीतल्यासारख्या. त्या शिव्या देत्या तर मला बरं वाटलं असतं.

निवडणूक शेवटी लागली. तोपर्यंत वॉर्डांचे प्रभाग झाले होते, नकाशे नव्यानं आखले होते. आखणाऱ्यानं नाल्यावरून रेघ ओढली. अलीकडचे आम्ही एका प्रभागात, मागची गल्ली दुसऱ्या. पक्षानं मावशींना विचारलंही नाही. त्या अपक्ष उभ्या राहिल्या. मागच्या गल्लीतल्या बाया गिरणीवर आल्या. त्यांतली चंद्रकला म्हणून एक होती, मावशींशी टँकरच्या रांगेत रोज भांडणारी. तीच रडायला लागली.

"मावशे, तुला मत देऊ वाटतंय, पर आमच्या मशीनवर तुझं नावच नाय."

"मग रडती काय? तुमच्यातल्याला द्या, जो पाणी देतो म्हणंल त्याला."

"समदेच म्हणतेत."

"मग समद्यात मोठ्यानं जो म्हणंल त्याला द्या," मावशी म्हणाल्या.

अलीकडच्या आम्हा लोकांना नळ होते. मावशींची गरज आम्हाला कधीच नव्हती. त्यांचं डिपॉझिट गेलं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी अंगणात गेलो तर काका त्या झाकण लावलेल्या नळापाशी बसले होते, हातात पाना. गुडघे गेलेले, घागरी उचलवत नव्हत्या. मावशी दारात. काका त्यांच्याकडं न बघता म्हणाले, "आता तरी."

मावशी उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, "हरले मी. गल्लीचं काय झालं?"

काकांनी पाना पिशवीत ठेवला.

मग तो दिवस आला. मागच्या गल्लीच्या प्रभागातून निवडून आलेल्या नव्या नगरसेवकानं जलपूजनाचा कार्यक्रम ठेवला. मंडप, खुर्च्या, ढोलताशा. बोर्ड माझ्याकडं आला आणि मी केला. मावशींनी नको म्हटलं होतं, पण दुकानाचं भाडं कुणी थांबत नाही. शिवाय मलाही खरंच वाटलं होतं, की जोड झाला असणार. असं कोण खोटं करील?

बोर्ड बांधायला मी सकाळीच गेलो होतो. शाळेच्या भिंतीमागं दोरी शोधत गेलो, तर तिथं टँकर उभा. टँकरचा रबरी पाइप गल्लीच्या लाईनच्या उघड्या तोंडात घालून वरून चिंध्यांनी आवळलेला. टँकरवाला बिडी ओढत होता. माझ्याकडं बघून म्हणाला, "फोटोपुरतं हाय, भाऊ."

मी दोरी घेऊन परत आलो. बोर्ड घट्ट बांधला. माझ्यासारख्यानं दुसरं काय करायचं?

कार्यक्रमात मावशींना पहिल्या रांगेत बसवलं होतं. शाल, नारळ. नवा नगरसेवक चांगलं बोलला, मावशींचं नाव घेऊन बोलला. मग चंद्रकलाच्या दारातल्या तोटीला हार घातला, आणि तोटी फिरवली. आधी फुसफुस झाली, मग पाणी आलं. जाड धार. बायांनी एकच गलका केला. पोरं अंगावर घ्यायला धावली. चंद्रकलानं तर धारेखाली डोकंच धरलं.

"मावशी, आता तुमचा बी नळ सोडा!" कुणीतरी ओरडलं आणि सगळ्या गल्लीनं ते उचललं. काका खुर्चीतून उठले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता, एवढा तो हरखला होता.

मावशी पुढं गेल्या. ओंजळ धरली आणि एक घोट घेतला. तोंडात घोळवला. इतकी वर्षं टँकरचं पाणी प्यालेली बाई. त्यांची जीभ मशीनसारखी होती, कुठल्या विहिरीचं ते सांगायच्या. त्यांनी घोट गिळला आणि वळल्या. मला वाटलं, आता त्या आवाजात सगळं बाहेर येणार.

"गोड हाय!" मावशी म्हणाल्या. मंडपातल्या शेवटच्या माणसापर्यंत गेलं.

काकांनी विचारलं, "मग जाऊन झाकण काढू?"

"उद्या," मावशी म्हणाल्या.

दुपार उलटल्यावर मी बोर्डाची चौकट सोडवायला परत गेलो. मंडप गेला होता, टँकर गेला होता. गल्लीतल्या प्रत्येक दारात बाई बसलेली, पुढ्यात रिकामी भांडी, आणि सगळ्यांच्या तोट्या उघड्या. तोट्यांतून नुसती हवा येत होती. आमच्या शहरात पाणी यायच्या आधी नळ असाच फुसफुसतो, त्यामुळं कुणी उठत नव्हतं. चंद्रकलाच्या ओट्यावर मावशी बसल्या होत्या, अंगावर अजून ती शाल.

मी जवळ जाऊन वाकलो. "मावशी, ते टँकरचं होतं. मी बघितलं सकाळी."

"घोट घेतला तवाच कळलं मला. पडेगावच्या अंगाच्या हिरीचं हाय ते, मचूळ."

"मग गोड कशाला म्हणालात? सांगायचं ना सगळ्यांसमोर!"

"सांगून? तो म्हणला असता, हरलेली बाई हाय, जळती. आन् ह्या बाया? बघ त्या चंद्रीकडं. डोकं भिजवून बसली." त्या पहिल्यांदाच एवढ्या हळू आवाजात बोलत असल्याचं माझ्या लक्षात आलं.

"आता उठा तरी. घरी चला, काका वाट बघताहेत."

"मी उठले तर त्याबी उठतील," मावशी म्हणाल्या. "उठल्या म्हंजी संपलं रे. मग कोण मागणार?"

मी चौकट खांद्यावर घेतली. उन्हं उतरायला लागली होती. तोट्यांचा आवाज हळूहळू बारीक होत चालला होता. गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या दारातून एका म्हातारीनं हाक दिली, "मावशे, येतं का गं?"

मावशींनी शाल सारखी केली, मान वर केली, आणि त्यांच्या त्या घरघरीवर मात करणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "येतंय, येतंय. बसा समद्या. हवा धरलीय नुसती."

मी साकव ओलांडला तरी ते मला ऐकू येत होतं.